चिंचेत राहिलेल्या पुंगळ्या

घट बसले की आमच्या हिंगोलीच्या गल्लीत दारोदार पितळ बाहेर निघतं. समया, तांबे, घंटी, परात. शेजारीण म्हणते, पावडर मिळते की दुकानात, काहून हाताला घट्टे पाडून घेता? मी म्हणते, मला चिंचेशिवाय जमत नाही. हे अर्धंच खरं आहे. चिंच कोळायला घेतली, तो आंबूस वास नाकात गेला की मला एक बाई आठवते आणि मी तिच्यावर मनसोक्त जळून घेते. ती बाई म्हणजे माझी वहिनी, सख्ख्या भावाची बायको. गुणाची, कष्टाळू, जिचं सगळं गाव नाव काढतं अशी. तिचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. पंचेचाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी दुखतं.

मी फार चांगली बाई आहे असा कुणाचा समज असेल तर त्यानं तो इथंच सोडावा.

माझं माहेर कनेरगाव नाक्यापासून आत, दोन कोसांवर. नवरात्रात तिकडं सोयाबीनची सुगी असते. हवेत सगळा भुसा. कपाळ, भुवया, चहाची कपबशी, काही म्हणजे काही सुटत नाही. मळणी यंत्राची घरघर दिवसभर कानात बसलेली. ओढ्याकाठी आमचा एक तुकडा होता आणि त्याच्या पलीकडं काटेरी झुडपांचं रान. त्या रानातून डुकरं यायची. एक कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसायचं.

म्हणून आबांकडं, माझ्या वडलांकडं, बंदूक होती. बारा बोअरची, शेतीरक्षणाचा परवाना असलेली. जनावर मारायचा त्यांना सोस नव्हता. बांधावर उभं राहून आभाळात एक बार काढायचे, तेवढ्यानं डुकरं चार दिवस फिरकायची नाहीत. दुकानातलं काडतूस एकदा उडवलं की फेकून द्यायचं. आबांकडं मात्र त्यांच्या वडलांपासूनची पितळी काडतुसं होती. बार झाला की पितळेची पुंगळी रिकामी होऊन हातात परत यायची. ती साफ करायची आणि पुन्हा भरायची. अशा बारा पुंगळ्या होत्या. भरायचं काम आबा एकटे करत, माडीवर, दार लावून. तिथं पाऊल टाकायची कुणाला मुभा नव्हती. साफ करायचं काम माझं.

ते माझ्याकडं आलं ते माझ्या बोटामुळं. मी सात वर्षांची असेन. आतली काजळी निघेना म्हणून आबा वैतागले होते. माझा हात ओढून त्यांनी माझं बोट पुंगळीत घातलं आणि म्हणाले, "हे बघा, देवानं बराबर मापाचं करून पाठवलं." त्या दिवसापासून मी त्यांची हवालदार. आईला ते आवडायचं नाही. पोरीच्या जातीला कशाला दारूगोळा, म्हणायची. आबा ओट्यावरून हाक मारायचे, "ए हवालदार, आण तुझी पलटण!" आणि मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा छातीशी धरून पळत यायचे.

पलटणीतल्या प्रत्येकीला मी नाव ठेवलं होतं. एक जरा दबलेली, ती बुटकी. एकीच्या बुडाला टोच पडलेली, ती लंगडी. एक कितीही घासा, काळसरच राहायची, ती मावशी, कारण माझी मावशी सावळी होती आणि माझी लाडकी होती. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, मग गवरीची राख, मग स्वच्छ पाणी. शेवटी सुपात तोंड खाली करून उन्हात वाळत ठेवायच्या. हाताला दिवसभर एक वास राहायचा, चिंचेचा आणि फटाका विझल्यावर येतो तसा. शाळेत पोरी नाक मुरडायच्या. मुरडा म्हटलं. तुमच्या बापानं तुम्हाला पलटण दिली का?

खंडेनवमीला त्यांचा मान असायचा. विळे, कोयते, कुऱ्हाड, औताचा फाळ आणि पाटावर मधोमध बंदूक. बंदुकीपुढं माझ्या बारा पुंगळ्या ओळीनं. आबा प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावायचे. मग तेच बोट माझ्या कपाळाला. दादाला नाही. मलाच.

दहा-बारा वर्षं हे असं चाललं. मग दादाचं लग्न झालं.

वहिनी वसमतकडची. हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या, घोळणाऱ्या घरातली, कामाला वाघीण. वैशाखात आली आणि आषाढापर्यंत घरातलं प्रत्येक माणूस तिचं झालं. आईच्या गुडघ्याला तेल तीच लावायची, गाय तिलाच दूध द्यायची. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. आत्याकडं राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. दर शनिवारी घर थोडं थोडं तिच्याकडं सरकलेलं दिसायचं. मिठाची बरणी दुसरीकडं, पाटा दुसरीकडं. माझ्याच घरात मी विचारायचे, "वैनी, साखर कुठं हाय?" आणि ती इतक्या गोड आवाजात सांगायची की अंगाचा तिळपापड व्हायचा.

आबा तिला 'पोरी' म्हणायचे. मला ते कधीच 'पोरी' म्हणाले नव्हते. मी हवालदार होते, मला त्याचं काही वाटायला नको होतं. वाटलं.

भादव्यातल्या एका शनिवारी घरी आले तर खिडकीत उजेड पडलेला. बघते तर माझ्या बाराही पुंगळ्या ओळीनं मांडलेल्या. मावशीसुद्धा लखलखत होती. मावशी, जी माझ्या हातानं दहा वर्षांत उजळली नव्हती! आबा एक एक उचलून डोळ्याला लावून आत बघत होते आणि वहिनी पदराला हात पुसत दारात उभी.

"आतून बी उजळल्या की!" आबा म्हणाले. "पोरी, असं पितळ मी माझ्या जन्मात न्हाई पाहिलं."

केलं काय होतं तिनं? कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीला चिंधी गुंडाळून ती पुंगळीत घातली आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळली. बस, एवढंच. मी मात्र वर्षानुवर्षं बोट घालून बसलेली. बोट मोठं झालं होतं, आत नीट फिरत नव्हतं, तरी सोडायला तयार नव्हते. आबांना मी दिसले तेव्हा ते म्हणाले, "ये, बघ तुझ्या वैनीनं काय केलं." मी म्हणाले, "चांगलंय." आणि आत जाऊन जेवले नाही. एसटीत मळमळलं, असं सांगितलं.

जन्मात नाही पाहिलं! म्हणजे माझी दहा वर्षं कुठं गेली? मी घासत होते ते काय शेण होतं? हे मी त्या रात्री उशीत तोंड घालून म्हणाले असेन, पण खरं सांगायचं तर अजून म्हणते. परवा समई घासताना म्हणाले.

त्या वर्षीचं नवरात्र मला दिवसादिवसानं आठवतं. मी सुट्टी काढून आधीच येऊन बसले होते. ठरवलं होतं, खंडेनवमीच्या पुंगळ्या मीच घासणार. पण अष्टमीला सकाळी उठून बघते तर वहिनीनं मागच्या अंगणात पातेलं मांडलेलं, कोळ केलेला, बाराही आत बुडवलेल्या. मी काही बोलायच्या आत तिचा भाऊ दारात. तिची आई पाय घसरून पडली होती, न्यायला आला होता. वहिनीनं घाईघाईनं लुगड्याची घडी पिशवीत कोंबली आणि जाता जाता माझा हात धरला.

"ताई, आत्ताच बुडवल्यात. अर्ध्या घंट्यानं काढा न् राखेनं घासा. इसरू नका बरं, लाल पडतील."

"व्हय व्हय," मी म्हणाले. "मला शिकवू नका."

पितळ चिंचेत फार वेळ राहिलं की लाल पडतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. आंबट त्यातलं काहीतरी खाऊन टाकतं, मागं तांबूस, पोकळ अंग राहतं. भांडं असलं तर चालतं. ज्यात दारू ठासायची त्या पुंगळीला चालत नाही.

अर्धा तास झाला. मी मागच्या अंगणात गेले. झाकण उचललं. पाण्यात बारा जणी आडव्या पडलेल्या, नुकत्या पिवळ्याधमक व्हायला लागलेल्या. माझा हात पाण्यापर्यंत गेला, हे मी शपथेवर सांगते. मग वाटलं, आता मी काढल्या, घासल्या, तरी उद्या आबा काय म्हणतील? 'पोरीनं बुडवल्या व्हत्या, बघ कशा निघाल्या.' मी झाकण ठेवलं आणि झेंडू ओवायला बसले. दुपारी पुन्हा जाऊन पाहिलं. संध्याकाळी पाहिलं. प्रत्येक वेळी झाकण उचललं आणि प्रत्येक वेळी ठेवलं. विसरले असते तर ती चूक झाली असती. मी विसरले नव्हते.

नवमीला सकाळी आबांनी पाट मांडला आणि पुंगळ्या मागितल्या. पातेलं आईनं आणलं. पाण्यातून निघाल्या त्या जखमेवरची खपली निघाल्यावर खाली दिसते तशा गुलाबी. आबांनी एक उचलली, बोटानं पुसली, काठावर नख फिरवलं. तिची कड त्यांच्या बोटावर लालसर चुऱ्यासारखी आली.

"ह्या आता भरायच्या न्हाईत," ते म्हणाले. एवढंच.

आई मात्र सुटली. "नव्या पोरीच्या हातात देऊ नका म्हणून मी बोंबलून राहिले व्हते! सासऱ्याच्या बापाची वस्तू, एका दिसात घालवली बयेनं!" मग माझ्याकडं वळून, "तू घरात व्हतीस ना गं?"

"मला काय माहीत? वैनीनं ठेवल्या व्हत्या," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातोडी आणली आणि ओट्यावर बसून एकेका पुंगळीचं तोंड चेपून टाकलं, पुढं कुणी चुकून भरू नये म्हणून. बारा घाव. मी स्वयंपाकघरात पुरणाला चटका देत होते. बुटकी आधीच दबलेली, तिला अर्धाच घाव लागला, तो मला ओळखू आला. त्या वर्षी बंदुकीपुढं नुसती झेंडूची फुलं होती आणि माझ्या कपाळाला कुंकू आईनं लावलं.

दसऱ्याला दुपारी वहिनी परत आली. मी माळवदावर सोनं ठेवायला गेले होते, तिथून मला नाक्याकडची वाट दिसली. पुढं आबा, मागं वहिनी, आणि वहिनीची पिशवी आबांच्या खांद्यावर. सासरा सुनेची पिशवी उचलून दोन कोस चालत येतो, असं आमच्या गावानं पाहिलेलं नव्हतं. मी एसटीनं दर शनिवारी येत होते, पुस्तकांचं ओझं घेऊन. नाक्यावर कधी आले होते का ते? पुंगळ्यांची सगळी बोचणी त्या पिशवीनं एका क्षणात पुसून टाकली. बरं झालं, मी म्हणाले. चांगलं झालं. आता आई सोलून काढील.

आईनं तोंड उघडायच्या आत वहिनी उंबऱ्यातच म्हणाली, "माझंच चुकलं. गडबडीत ताईला काढायचं सांगायला इसरले."

आणि माझ्याकडं न बघता चुलीपाशी गेली.

मला गार वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, दोन दिवस. मग लक्षात आलं की ती सांगू शकत होती आणि तिनं सांगितलं नाही. म्हणजे आता मी तिची देणेकरी. त्यापेक्षा तिनं माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या अख्ख्या रब्बीत आई तिला येताजाता टोचायची. ज्वारी निसवली आणि डुकरं यायला लागली. आबांनी दुकानातली काडतुसं आणली, पण जपून वापरायचे, म्हणून बार कमीच झाले. ओढ्याकडची पाच-सहा तासं, उभ्या पिकाच्या ओळी, कणसांसकट आडवी झाली. ते ऐकलं की आई म्हणायची, "खा आता चिंच!" वहिनी पत्र्याचा डबा बडवत बांधावरून फिरायची आणि परत आल्यावर सगळ्यांना वाढून मग जेवायची. एक शब्द नाही. त्या न बोलण्याचाही मला हेवा वाटायचा. माझ्याच्यानं ते सात जन्मात झालं नसतं.

आणि एक झालं. आबांनी मला हवालदार म्हणायचं सोडलं. नावानं हाक मारायला लागले. मी स्वतःची समजूत घातली की पलटण उरली नाही, मग हवालदार कुठून. चैतात माझं लग्न झालं. निघताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सासरी कुणी कायी सांगितलं तर येळेवर करत जाय." बाप लेकीला सांगतो तसलंच काहीतरी, असं मी समजले.

आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. बंदूक ठाण्यात जमा केली, दादाला परवान्याची यातायात नको होती. डुकरांसाठी तारेचं कुंपण आहे. यंदा मुलं बाहेरगावी, नवरा कामावर, म्हणून मी एकटीच खंडेनवमीला माहेरी गेले. पाटावर विळे, कोयते, फवारणीचा पंप आणि दादाचा मोबाइल. हसू आलं. मग मागच्या अंगणात गेले तर वहिनी बसलेली, मांडीशी तोच बिस्किटाचा डबा. केस पांढरे, हातांना हळदीचा रंग अजून तसाच. आत बारा पुंगळ्या, तोंडं चेपलेल्या, लालच्या लाल.

"ह्या अजून घासता?" मी विचारलं.

"दरसाली. आबानं सांगितलं व्हतं, टाकू नको म्हणून. उजळत कायी न्हाईत. लाल ते लालच."

काय झालं कोण जाणे. पंचवीस वर्षं जे दातांखाली धरून ठेवलं होतं ते फटकन बाहेर पडलं. "वैनी, तुमी मला सांगितलं व्हतं. मीच काढल्या न्हाईत. मुद्दाम."

ती कोळ ढवळत होती, ढवळत राहिली. "म्हाईत हाय की."

"कवापासून?"

"त्याच दसऱ्यापासून. आबा नाक्यावर घ्यायला आले व्हते ना, वाटंत सांगितलं. अष्टमीला दुपारी ते गोठ्यात व्हते. तुमी झाकण उचललं, पाहिलं न् परत ठिवलं, ते त्यायनं पाहिलं. संध्याकाळी बी पाहिलं."

मी डब्याकडं बोट दाखवलं. "मग त्यायनं काहून काढल्या न्हाईत? त्यायच्या बापाच्या व्हत्या त्या!"

वहिनीनं हात थांबवला. "म्याबी तेच इचारलं. तर म्हणले, मला वाटलं, हवालदार काढंल. आता काढंल, मग काढंल. सकाळपर्यंत वाट पाहिली."

गोठ्यात तिन्हीसांजेपर्यंत बसलेला माझा बाप मला दिसला. चार पावलांवर पातेलं. नुसता हात घालायचा होता. बापाची निशाणी डोळ्यांसमोर कुजू दिली माणसानं, पण लेकीच्या आधी हात घातला नाही.

"मला म्हणले," वहिनी पुढं सांगत होती, "पोरी, बोल तुला लागतील, तेवढे सोस. तिला ह्या घरातून जायचं हाय. जाताना चोर होऊन जाऊ नये."

इथं मी रडले असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, आणि मी रडलेही. पण रडता रडता मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, हे त्यांनी तिला सांगितलं. दोन कोस चालता चालता, पिशवी खांद्यावर घेऊन, तिला. मला का नाही? माझं पाप, माझी पलटण, माझा बाप, आणि ठेवायला दिलं कुणाकडं, तर तिच्याकडं. इतकी वर्षं त्या दोघांमध्ये माझ्याबद्दलची एक गोष्ट होती आणि मी बाहेर. मला ओरडले असते, दोन ठेवून दिल्या असत्या, तर ते भांडण तरी माझं एकटीचं राहिलं असतं. मेलेल्या बापावर आणि जिवंत वहिनीवर एकाच वेळी जळणारी माझ्यासारखी दुसरी कुणी असेल तर तिला मला भेटायचं आहे.

बहुतेक ते तोंडावर दिसलं असावं. वहिनी माझं तोंड गेली कितीतरी वर्षं वाचते आहे. तिनं डबा पातेल्यात उपडा केला. बाराही बुडाल्या. मग पदराला हात पुसत उठली.

"मला पोळ्या लाटायच्यात," म्हणाली. "अर्ध्या घंट्यानं काढा, ताई. सांगितलं बरं का ह्या वेळंला. टोचायला तुमची माय न्हाई आता, पण सांगून ठिवलेलं बरं."

आणि हसली, चांगली दात दाखवून हसली. मीही हसले, नाक ओढत.

दादानं आतून हाक मारली, चहा झाला म्हणून. मी म्हणाले, येते थोड्या वेळानं. तो म्हणाला, अगं त्या पुंगळ्यांना आता काय व्हायचं राहिलंय? बरोबर होतं त्याचं. त्यांना आता अर्धा तास ठेवा नाहीतर अर्धं वर्ष. पण मी पातेल्याशेजारी फतकल मारून बसले ती उठले नाही. झाकण ठेवलंच नाही. बुटकी वर दिसत होती, लंगडी तिच्याखाली. गोठ्याच्या दाराकडं माझी पाठ होती आणि मी ती मुद्दामच तिकडं केली होती. तिथं कुणी नाही हे मला माहीत आहे. पण असलेच तर बघत राहा म्हणावं, आबा. बसलेय मी.